कॅथलिक विद्यापीठं: ठाणे-नवी मुंबईतले पालक आणि विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न

निकालाचे दिवस आले की ठाणे स्टेशनपासून घोडबंदर रोडपर्यंत आणि तिकडे वाशी-नेरूळला परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांचे फलक झळकू लागतात. तिथून आणलेल्या यादीत जॉर्जटाउन, नोटर डेम, ल्यूव्हेन, सोफिया अशी नावं असतात. यातली बरीच कॅथलिक विद्यापीठं आहेत हे घरी जाऊन शोधल्यावर कळतं आणि मग शंका सुरू होतात. मी ठाण्यात राहते. आमच्या चर्चच्या आवारात रविवारी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थनाविधी, संपल्यावर प्रवेशाची माहिती हवी असणाऱ्या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलते. येणाऱ्यांत कॅथलिक थोडे, बाकीचे जास्त. त्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगते. नावाला घाबरू नका आणि नावाला भुलूही नका. विद्यापीठ कोण चालवतं, पदवी कोण देतं आणि सगळ्यांना सक्तीचे विषय कोणते, या तीन गोष्टींचा छडा लावा.

कॅथलिक विद्यापीठ म्हणजे नेमकं काय?

ज्याची स्थापना पोप, बिशप किंवा एखाद्या धर्मसंघानं (व्रत घेतलेल्या धर्मगुरूंच्या किंवा ब्रदर-सिस्टरांच्या संघानं) केली आहे, किंवा ज्याला चर्चनं तशी मान्यता दिली आहे, असं विद्यापीठ. चर्चच्या कायद्यानुसार अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कोणालाही 'कॅथलिक विद्यापीठ' हे नाव लावता येत नाही. १५ ऑगस्ट १९९० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'एक्स कॉर्दे एक्लेसिए' नावाचा दस्तऐवज काढला. आज जगभरची कॅथलिक विद्यापीठं त्याच चौकटीत मोजली जातात. संशोधनाचं स्वातंत्र्य आणि संस्थेची स्वायत्तता त्यात मान्य केली आहे. त्याचबरोबर कॅथलिक नसलेल्या अध्यापकांचं बहुमत होऊ देऊ नये, असंही त्यात म्हटलं आहे. विद्यार्थ्यांच्या धर्मावर मात्र अशी कुठलीही अट नाही, आणि तुमच्या कामाची गोष्ट तीच आहे.

यांपैकी काही 'पाँटिफिकल', म्हणजे थेट व्हॅटिकनशी जोडलेली असतात. रोमचं ग्रेगोरियन त्यातलं. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १५५१ साली ते 'रोमन कॉलेज' म्हणून सुरू केलं. तिथं मुख्यतः ईशज्ञान (थिऑलॉजी), तत्त्वज्ञान, चर्चचा इतिहास असे विषय शिकवतात. इंजिनिअरिंग करायचं असेल तर ते तुमच्यासाठी नाही. पण 'पाँटिफिकल' शब्द दिसला म्हणजे तिथं फक्त धर्मगुरू शिकतात, असंही समजू नका. चिलीमधलं १८८८ सालचं पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठ वैद्यकापासून वास्तुकलेपर्यंत सगळं शिकवतं.

आम्ही ख्रिस्ती नाही. प्रवेश मिळेल का?

मिळतो, आणि यात सवलत किंवा मेहेरबानीचा भाग नाही. बेथलेहेम विद्यापीठ १९७३ साली सुरू झालं. ते दे ला साल ब्रदर्स हा धर्मसंघ चालवतो आणि तिथले बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. टोकियोचं सोफिया विद्यापीठ येशूसंघानं १९१३ साली स्थापलं. जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या अगदी थोडी, तेव्हा वर्गात कोण बसत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउननं १९९९ साली पूर्णवेळ मुस्लिम धर्मसेवक (चॅप्लेन) नेमला. अमेरिकी विद्यापीठानं असं करण्याची ती पहिलीच वेळ. पुढे तिथं हिंदू विद्यार्थ्यांसाठीही धर्मसेवक आले.

तसं पाहिलं तर हा अनुभव तुमच्या घरचाच आहे. वाशीच्या फादर अग्नेलमध्ये किंवा एखाद्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं कोणी ना कोणी आपल्या प्रत्येकाच्या घरात असतं. तिथं कोणाचा धर्म बदलला नाही, आणि शिस्तीची सवय मात्र लागली.

मिस्सेला जावं लागतं का? बायबल शिकवतात का?

मिस्सेची सक्ती नसते. विषयांची असू शकते. नेरूळच्या एका आईनं मला हा प्रश्न अगदी आवाज खाली घेऊन विचारला होता. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. अर्ज करण्याआधीच विचारायचा हा प्रश्न आहे.

अमेरिकेतल्या बहुतेक कॅथलिक विद्यापीठांत पदवीच्या पहिल्या वर्षांत सगळ्यांना सामाईक विषय असतात. नोटर डेममध्ये कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्या मुलालाही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचे अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. ईशज्ञानाच्या वर्गात बायबलमधला उतारा आपल्याकडे बारावीला कविता वाचतात तसा वाचला जातो: कोणी लिहिला, कधी, कोणासाठी, त्यावर कोणाचे काय आक्षेप. त्यावर निबंध लिहायचा, आणि तुमचा विश्वास आहे की नाही यावर गुण ठरत नाहीत. अनेक ठिकाणी हिंदू, बौद्ध किंवा इस्लामी परंपरांवरचे अभ्यासक्रमही असतात; ते या सक्तीत धरले जातात का, हे त्या-त्या विद्यापीठाच्या पुस्तिकेत बघावं.

पदव्युत्तर पदवीला, म्हणजे एमएस किंवा एमबीएला, असे सामाईक विषय सहसा नसतात. इथून जाणारी बरीच मुलं एमएसला जातात, त्यामुळे त्यांच्यापुरता हा प्रश्न जवळपास मिटतो. मला विचाराल तर वाईट याचंच वाटतं. इंजिनिअर होणाऱ्या मुलानं 'न्याय म्हणजे काय' यावर एक सहामाही डोकं खपवावं, ही या विद्यापीठांची सगळ्यात मोलाची देणगी आहे.

यातलं सगळ्यात जुनं कोणतं?

बोलोन्या, पॅरिस, सालामांका ही मध्ययुगातली विद्यापीठं चर्चच्याच छायेत वाढली, पण आज ती सरकारी आहेत. कॅथलिक म्हणून आजही नाव घेतलं जातं त्यांत बेल्जियममधलं ल्यूव्हेन सगळ्यात जुनं मानतात. पोप मार्टिन पाचवे यांच्या ९ डिसेंबर १४२५ च्या आज्ञापत्रानं ते सुरू झालं. फ्रेंच राजवटीनं १७९७ मध्ये ते बंद केलं. १८३४ मध्ये बिशपांनी कॅथलिक विद्यापीठ नव्यानं उभं केलं आणि पुढच्या वर्षी ते ल्यूव्हेनला आणलं. म्हणून 'सहाशे वर्षं अखंड' असं कोणी सांगितलं तर ते पूर्ण खरं नाही.

ल्यूव्हेनच्या ग्रंथालयाची कहाणी मी प्रत्येकाला सांगते. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्यानं ते जाळलं. हस्तलिखितांसह सुमारे तीन लाख ग्रंथ गेले. अमेरिकेतल्या देणग्यांवर नवी इमारत उभी राहिली, आणि मे १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, तीही जळाली. या वेळी सुमारे नऊ लाख पुस्तकं गेली. पुन्हा उभारणी झाली. मग १९६८ मध्ये डच भाषक आणि फ्रेंच भाषक यांचा वाद इतका टोकाला गेला की विद्यापीठाचेच दोन तुकडे झाले. डच शाखा ल्यूव्हेनमध्येच राहिली, फ्रेंच शाखेसाठी लुव्हें-ला-नव्ह हे अख्खं नवं गाव वसवलं गेलं. ग्रंथालयाचीही वाटणी झाली, आणि बऱ्याचशा पुस्तकांच्या बाबतीत ती क्रमांकावरून झाली: विषम क्रमांकाची इकडे, सम क्रमांकाची तिकडे. भाषावार प्रांतरचनेचा लढा पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला हे काय असतं ते वेगळं समजावावं लागत नाही.

अर्ज करणाऱ्यांना यातून एक व्यवहाराची गोष्ट कळते. ही आज दोन स्वतंत्र विद्यापीठं आहेत. डच बाजूला इंग्रजीतून पदव्युत्तर अभ्यासक्रम भरपूर आहेत, पदवीचे मात्र बहुतांश डचमध्ये. दुसरीकडे फ्रेंचचा भर जास्त. अर्ज कुठल्या ल्यूव्हेनला जातोय ते नीट बघा.

आशियात पाहिलं तर मनिलाचं सांतो तोमास, १६११ सालचं, डोमिनिकन संघाचं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी १९४२ ते १९४५ या काळात त्याच आवारात हजारो परदेशी नागरिकांना कैदेत ठेवलं होतं.

चर्चचं आणि विज्ञानाचं वाकडं. मग तिथं विज्ञान कसं शिकवत असतील?

गॅलिलिओवर १६३३ मध्ये खटला चालला, ते नाकारता येत नाही आणि नाकारूही नये. पण त्यावरून आजच्या प्रयोगशाळांचा अंदाज बांधलात तर फसाल.

विश्व प्रसरण पावतं आहे, हे आइनस्टाइनच्या समीकरणांतून काढून १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे ल्यूव्हेनचे प्राध्यापक होते आणि धर्मगुरूही होते. १९३१ मध्ये त्यांनी 'आदिम अणू'ची कल्पना मांडली, ज्याला पुढे बिग बँग म्हणू लागले. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो वेगळ्याच कारणानं. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी हा सिद्धांत म्हणजे जणू ईश्वरी निर्मितीचा दाखला असल्याचा सूर लावला, तेव्हा लमेत्र यांना ते पटलं नाही. भौतिकशास्त्र आणि श्रद्धा यांची अशी गल्लत करू नये, या मतावर ते ठाम राहिले. आपल्याच पोपपुढे एक धर्मगुरू वैज्ञानिक म्हणून असा उभा राहिला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेनं विश्वाच्या प्रसरणाविषयीच्या हबलच्या नियमाला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावं अशी शिफारस केली.

नोटर डेमचे फादर ज्यूलियस न्यूलँड यांच्या अ‍ॅसिटिलीनवरच्या संशोधनातून निओप्रीन हे कृत्रिम रबर निघालं. रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला त्याचे गास्केट आणि पट्टे माहीत असतात. आणि आपण रोज वापरतो त्या इंग्रजी तारखा १५८२ च्या सुधारणेतून आल्या. त्या सुधारणेमागच्या गणितात रोमन कॉलेजच्या क्रिस्टोफर क्लाव्हियस यांचा मोठा वाटा होता. सध्याचे पोप लिओ चौदावे यांची पहिली पदवीही गणिताची आहे, व्हिलानोव्हा विद्यापीठाची, १९७७ ची.

येशूसंघीय, डोमिनिकन, सेलेशियन... या फरकानं आम्हाला काय फरक पडतो?

थोडा पडतो. विद्यापीठाचा स्वभाव त्यातून कळतो. येशूसंघाची विद्यापीठं चर्चा, वक्तृत्व आणि समाजकार्य यांवर भर देतात. अमेरिकेत त्यांच्या २७ संस्था आहेत. जॉर्जटाउन (१७८९), फोर्डम, बोस्टन कॉलेज, सांता क्लारा त्यांतल्याच. सांता क्लारा तर सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध. शिकागोचं डीपॉल व्हिन्सेंशियन संघाचं, नोटर डेम होली क्रॉस संघाचं, व्हिलानोव्हा ऑगस्टिनियन. सेलेशियन म्हणजे आपले डॉन बॉस्कोवाले.

समाजकार्य हा शब्द काही ठिकाणी रक्तानं लिहिला गेला आहे. एल साल्व्हादोरची राजधानी सान साल्व्हादोर इथल्या मध्य अमेरिकी विद्यापीठात १६ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री सैनिक घुसले. यादवी युद्ध चालू होतं, आणि कुलगुरू इग्नासिओ एल्याकुरिया वाटाघाटींची बाजू मांडत होते. सैनिकांनी त्यांच्यासह सहा येशूसंघीयांना, त्यांच्याकडे घरकाम करणाऱ्या बाईंना आणि त्यांच्या किशोरवयीन मुलीला ठार केलं. गरिबांच्या बाजूनं संशोधन करायचं म्हणजे काय किंमत मोजावी लागते, हे त्या विद्यापीठाला ठाऊक आहे.

मग आपल्या मुंबईत कॅथलिक विद्यापीठ का नाही? झेवियर्स आहे की!

झेवियर्स हे कॉलेज. येशूसंघानं १८६९ मध्ये सुरू केलेलं, आज स्वायत्त, पण पदवी मुंबई विद्यापीठाचीच. आपल्याकडे १८५७ पासून विद्यापीठ परीक्षा घेणार, पदवी देणार आणि कॉलेजं त्याला संलग्न राहणार, अशी पद्धत रुजली. त्यात १९५६ च्या यूजीसी कायद्यानं पदवी देण्याचा आणि 'विद्यापीठ' म्हणवून घेण्याचा अधिकार मोजक्यांनाच ठेवला. म्हणून मिशनरी संस्था कितीही नावाजलेल्या असल्या तरी कॉलेजच राहिल्या.

गेल्या काही वर्षांत चित्र बदललं आहे. बेंगळुरूचं क्राइस्ट २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. गुवाहाटीचं आसाम डॉन बॉस्को विद्यापीठही २००८ चं, कोलकात्याचं सेंट झेवियर्स विद्यापीठ २०१७ चं. पुण्याचं ज्ञानदीप वेगळ्या जातीचं. तिथं तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाच्या पदव्या थेट व्हॅटिकनच्या मान्यतेनं मिळतात. परदेशी जाण्याचा खर्च झेपत नसेल तर क्राइस्ट किंवा येशूसंघाची जमशेदपूरची व्यवस्थापन संस्था एक्सएलआरआय यांचा विचार जरूर करा. ही दुय्यम निवड नव्हे.

नावावरून विद्यापीठ ओळखता येतं का?

नाही. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. सिनसिनाटीचं झेवियर, लुइझियानाचं झेवियर आणि फिलिपिन्समधलं झेवियर यांचा एकमेकांशी कारभाराचा काहीही संबंध नाही. 'लोयोला' नावाची अमेरिकेतच चार आहेत: शिकागो, लॉस एंजेलिस, मेरीलँड, न्यू ऑर्लिन्स. 'नोटर डेम' ऑस्ट्रेलियात आहे, लेबनॉनमध्येही आहे. एजंटनं नुसतं नाव सांगितलं की शहर विचारा, मग विद्यापीठाचं संकेतस्थळ स्वतः उघडा.

उलट बाजूनं, नाव कॅथलिक असूनही नातं बदलू शकतं. लिमाच्या पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठाकडून व्हॅटिकननं २०१२ मध्ये ही दोन्ही बिरुदं काढून घेतली, नियमावलीच्या वादावरून. २०१६ मध्ये समेट झाला. नेदरलँड्सच्या रॅडबाउडची कॅथलिक ओळख तिथल्या बिशपांनी २०२० मध्ये काढली. दोन्हीकडे शिकवणं आणि पदव्या सुरूच राहिल्या.

प्राध्यापकांना मोकळेपणानं बोलता येतं का?

बहुतेक विषयांत हो, ईशज्ञानात मर्यादा आहेत. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठांच्या प्रमुखांनी लँड ओ'लेक्स इथं जमून निवेदन काढलं की विद्यापीठाला बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून, चर्चपासूनही, स्वायत्तता हवी. तो वाद अजून मिटलेला नाही. वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकामधले ईशज्ञानाचे प्राध्यापक चार्ल्स करन यांना लैंगिक नीतीवरच्या मतांमुळे १९८६ मध्ये व्हॅटिकननं तो विषय शिकवायला अपात्र ठरवलं. हे मला चुकीचं वाटतं, मी स्वतः कॅथलिक असूनही. डेटा सायन्स किंवा नर्सिंग शिकणाऱ्याला या कुंपणाची झळ लागत नाही. धर्म, लैंगिकता, स्त्री-अभ्यास यांत संशोधन करायचं असेल तर मार्गदर्शकाशी आधी बोला.

यांच्या इतिहासात काळी पानं आहेत का?

आहेत. जॉर्जटाउन चालवणाऱ्या येशूसंघीयांनी १८३८ मध्ये २७२ गुलाम माणसं विकली, आणि त्या पैशाचा काही भाग कर्जात बुडालेल्या कॉलेजसाठी वापरला. २०१६ मध्ये विद्यापीठानं त्यांच्या वंशजांना प्रवेशात अग्रक्रम देण्याचं जाहीर केलं. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून वाचायला सांगते.

पदवीला भारतात मान्यता असते का?

'कॅथलिक' असण्यानं मान्यता मिळतही नाही, जातही नाही. त्या देशाच्या सरकारची किंवा अधिकृत मूल्यांकन संस्थेची मान्यता आहे का, ते बघायचं. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी यूजीसीनं २०२५ मध्ये नवे नियम आणले आहेत. वैद्यक, कायदा, वास्तुकला यांसारखे विषय त्या-त्या परिषदेकडे राहतात.

फ्रान्समध्ये गंमत वेगळी आहे. १८७५ च्या कायद्यानं तिथं कॅथलिक उच्च शिक्षणसंस्था काढता आल्या, पण १८८० मध्ये खासगी संस्थांना 'विद्यापीठ' हे नाव लावायला बंदी झाली. म्हणून पॅरिसमध्ये ती 'कॅथलिक इन्स्टिट्यूट' आहे. तिथं हातात पडणारी पदवी राष्ट्रीय आहे, चर्चची आहे की संस्थेची स्वतःची, हे लेखी विचारून घ्या.

फिलिपिन्समध्ये डॉक्टर होण्याच्या जाहिराती आपल्याकडे फार चालतात. 'नीट' (NEET) ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण असावं लागतंच. शिवाय राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा वैद्यकीय अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. तिथली आधीची बीएस पदवी या ५४ महिन्यांत मोजत नाहीत. विद्यापीठ चारशे वर्षांचं असलं तरी हा हिशेब बदलत नाही. पैसे भरण्याआधी वहीवर महिने मांडून बघा.

खर्च किती? धर्मगुरू चालवतात म्हणजे स्वस्त असेल ना?

अमेरिकेत अजिबात नाही. ती खासगी विद्यापीठं आहेत आणि फी तशीच असते. पण मदतही असते. नोटर डेमनं २०२४ मध्ये जाहीर केलं की परदेशी विद्यार्थ्यांचा पदवी प्रवेशही आता घरची ऐपत न बघता ठरेल आणि गरजेइतकी मदत कर्जाशिवाय दिली जाईल. प्रवेश मिळणं अर्थातच फार कठीण. जर्मनीत आयखश्टेट-इंगोलश्टाट हे एकच कॅथलिक विद्यापीठ आहे, आणि त्याचा बहुतांश खर्च बव्हेरिया राज्य उचलतं. शिकवणं मुख्यतः जर्मनमध्ये. बेल्जियमची फी अमेरिकेपेक्षा बरीच कमी असते, युरोपबाहेरच्यांसाठी विषयागणिक वेगळी.

मुलीला एकटीला पाठवायला हरकत नाही ना?

नोटर डेमनं पदवीच्या वर्गात मुलींना १९७२ मध्येच घेतलं, आज त्या जवळपास निम्म्या आहेत. तिथली पदवीची वसतिगृहं मुलामुलींची वेगळी असतात आणि रात्री ठरावीक वेळेनंतर भेटीला बंदी असते. आईवडिलांना हे आवडतं, मुलींना नेहमीच नाही. दोघांनी बसून ठरवा. जॉर्जटाउन, डीपॉल ही शहरातली विद्यापीठं याबाबत बरीच सैल आहेत.

कागदपत्रांची तयारी कुठून करावी?

आधी पासपोर्ट; वागळे इस्टेटच्या कार्यालयाची तारीख लवकर घ्या. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात परीक्षा विभागाकडे अर्ज करायचा. जिथं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) मागतात तिथं आधी राज्य शासनाचं साक्षांकन लागू शकतं, त्याला वेळ ठेवा.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचं, मग वडिलांचं नाव, आणि आईचं वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम निराळा. आमच्या समाजात आणखी एक भर: डिसोझा, डिमेलो अशा आडनावांत इंग्रजीत मधे येणारी वरची खूण कुठं असते, कुठं मोकळी जागा सोडलेली असते, कुठं अक्षरं जोडलेली. अर्ज, परीक्षेची नोंदणी, बँकेचं पत्र, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा.

फादरांचं शिफारसपत्र लागतं का?

प्रवेशासाठी नाही. शिफारसपत्र तुम्हाला शिकवलेल्या शिक्षकाचं हवं, ज्याला तुमचा प्रकल्प आणि तुमची वही आठवते. काही धर्मसंघांच्या आणि धर्मप्रांतांच्या शिष्यवृत्त्या कॅथलिक विद्यार्थ्यांकडून मात्र चर्चचं पत्र मागतात. ते हवं असेल तर फादरांना निदान महिनाभर आधी भेटा, आणि अर्जाची छापील प्रत सोबत न्या.